शिमग्याची बोंब आणि काचेमागची ‘भूक’

पालथा हात तोंडावर मारत काढलेली सोपानची बोंब मला अजून ऐकू येते. धुळवडीच्या सकाळी ती बारामतीतल्या आमच्या गल्लीच्या एका टोकाला उठायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळी पोरं तिच्यामागे असायची. शाळेत चालीवर कविता म्हणण्यात मी पहिला. पण बोंबेत सोपानच्या जवळपास फिरकायची कुणाची छाती नव्हती.

नव्वदच्या दशकात तीच बोंब मला पुण्यातल्या एका चित्रदालनात मुकी होऊन भेटली. कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या निगेटिव्ह सापडल्या होत्या. फोटो काढणारा कधीच वारला होता. त्या निगेटिव्हच्या दाराएवढ्या कृष्णधवल प्रती, जाड कागदावर, काचेमागे. विषय : शहरातलं रस्त्यावरचं बालपण. मधल्या भिंतीवर आमची गल्ली! आणि सोपान : सदऱ्याच्या चिंध्या, अंगभर चिखल, कपाळाला राख, तोंड वासलेलं, हात तोंडाशी. कडेला अर्धा कापलेला मी. खाली पाटी : ‘भूक’.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, धुळवडीला फाटकंच घालतात! त्या एका दिवसासाठी आया जुना सदरा वर्षभर जपून ठेवायच्या. दालनाचा मालक मात्र थंडपणे म्हणाला, “काका, ही कला आहे. आणि तो मुलगा कोण, हे तुमच्या शब्दावर कसं मानू? त्यालाच येऊन सांगू दे.” प्रदर्शन रविवारपर्यंत होतं. मग प्रती गिऱ्हाइकांच्या घरी जाणार, पाटीसकट, कायमच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वारगेट गाठलं.

तुम्हाला जायचं असेल तर दिवेघाट, जेजुरी, मोरगाव अशा वाटेची एसटी धरा. उशीर होतो, पण पिवळ्या माळाचा हळूहळू हिरवा ऊस होताना बघायला मिळतो. जेजुरीला गाडी थांबली की भजी खा. चहाला मात्र माझी शिफारस नाही. कऱ्हाटीला एक बाई वांग्यांची पाटी घेऊन चढल्या.

“मावशी, पाटी खाली ठेवा. तिला सीट न्हाय,” कंडक्टर म्हणाला.

“मग तिचं तिकीट कशापायी फाडलंस?”

अख्खी गाडी हसली. मी नाही. माझ्या डोक्यात दुसरीच पाटी होती.

बारामतीत आमच्या गल्लीत काँक्रीट झालेलं. पोरं गोट्या सोडून क्रिकेट खेळत होती, तीही कशी चकचकीत कपड्यांत! उद्या ह्यांचाही कुणी फोटो काढील आणि खाली काय वाटेल ते लिहील, ह्या विचाराने पुन्हा डोकं फिरलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कळलं, की सोपान आता कळंबला डाळिंब करतो. इंदापूरची गाडी धरून जंक्शन नावाच्या गावी उतरलो. तिथून जीप वालचंदनगरवरून कळंबला नेते. माणसं कोंबून भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाय आखडायची तयारी ठेवा.

“वसंता? आरं तिच्यायला! कवितेचं खूळ गेलं का न्हाय?” सोपानने मिठीच मारली. त्याची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. लग्नाआधी मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेली, मग बारामतीत धुणीभांडी केलेली बाई. आता गुडघ्यांमुळे गोठ्यापर्यंतही काठी टेकत जायची.

मी तावातावाने सगळं सांगितलं. सोपान खो खो हसला.

“लिवू दे की! मला काय टोचतंय व्हय? बागंला पाणी चालू हाय. मी न्हाय येत.”

“अरे, जगाला तू उपाशी पोर म्हणून दाखवतायत!”

“हळू बोल. आई हाय हितं.”

पण त्याच्या आईने, म्हणजे आमच्या मावशीने, ऐकलं होतं. “काय लिवलंय रं, वशा?”

मी सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“त्या दिशी पाच पोळ्या खाल्ल्या हुत्या ह्यानं. सहावी तुला दिली मी.” एवढंच बोलून त्या काठी टेकत आत गेल्या. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. माझा पुण्याचा पत्ता सोपानच्या हातात कोंबून मी निघालो. परतीच्या गाडीत मी सोपानवर चिडलो, मालकावर चिडलो आणि सर्वांत जास्त त्या पाटीवर. चार घरी राबून लेकराचं पोट भरणाऱ्या बाईला म्हातारपणी हे ऐकावं लागलं, आणि तेही माझ्या तोंडून.

घरी आल्यावर मालकाला फोन केला. “मग, आला का तुमचा मुलगा?” असं विचारून तो हसला. लहानपणी पाठ केलेल्या कविता पुटपुटत दोन रात्री काढल्या. प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर डाळिंबाची एक पिशवी आणि छातीत अडकलेला संताप.

रविवारी सकाळी कडी वाजली. दार उघडलं तर मावशी! काठी हातात, इरकल नेसलेली, श्वास फुललेला.

“चल वशा. कुठं हाय ती पाटी?”

“मावशी, तुम्ही? आणि सोपान तर नाही म्हणाला होता...”

“त्याला काय इचारायचं? पोर माझं हाय.”

मागे जिन्यात इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, केसांना तेल लावलेला सोपान उभा होता. माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला आणि पालथा हात तोंडाशी नेला.

“हितं न्हाय,” मावशी म्हणाल्या. “तितं. त्या फोटूम्होरं.”