देवघरातले बिल्ले

"ती बोलत न्हाई, म्हणून तर ठेवलीय," डॉक्टर कंपाउंडरला सांगत होते. "इंग्रजी लिवती आन तोंड उघडत न्हाई. मुंबईचा साहेब तपासणीला आला की तिलाच उभी करू."

मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मा तारेला अडकवत होते. मी आत आहे हे दोघांनाही माहीत होतं. आवाज कमी करायची गरज मात्र त्यांना वाटली नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा एक्स-रेचं एकच मशीन होतं. चिंताकी, ठाणाकुशनूरची माणसं बसनं येऊन 'फोटू' काढून घ्यायची. मी बिदरला इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत बुजणारी. वडिलांनी ओळखीनं तिथं चिकटवलं. पहिलंच काम मिळालं ते मुंबईहून आलेल्या सरकारी पुस्तिकेतले नियम फलकावर इंग्रजीत लिहायचं. लायसनसाठी फलक लागायचा. किरणं सुरू असताना खोलीत कोणी थांबू नये. मूल धरावंच लागलं तर धरणाऱ्यानं शिशाचा एप्रन घालावा. गरोदर बाईनं कधीच धरू नये. हे सगळं मी वळणदार अक्षरात लिहिलं, आणि वाचणारीही मी एकटीच होते.

मुलं धरायची अक्का. अक्का म्हणजे तिथली आया, आमच्याच गल्लीतली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि आता दिवस गेले होते. मी तिला विचारलं, "अक्का, तू कामून धरायलीस?" ती म्हणाली, "लेकरू हललं की फोटू बिघडतोय बाई, मग डॉक्टर माझ्यावरच खवळतेत." काम सोडायची तिची सोय नव्हती. एप्रन होता, पण तो साहेबांना दाखवायचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला.

एकदा धीर करून मी डॉक्टरांना फलकावरचा तो नियम दाखवला. अक्काला कितवा महिना आहे तेही सांगितलं. ते हसले. म्हणाले, आमच्या आया-बाया बाळंतपणाच्या दिवसापर्यंत शेतात राबत होत्या, तुमच्या पुस्तकातल्या बायकाच नाजूक. मग कंपाउंडरला हाक मारून त्यांनी हा विनोद पुन्हा सांगितला. त्या दुपारी अक्कानं तीन मुलं धरली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

बिल्ल्यांचंही तसंच. मशीनजवळ वावरणाऱ्यानं छातीवर एक बिल्ला लावायचा, आतल्या फिल्मच्या तुकड्यावर त्याच्या अंगावर पडलेल्या किरणांची खूण उमटते. डॉक्टर, कंपाउंडर आणि आया, असे तीन बिल्ले होते. तिन्ही देवघराच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असायचे. आतले तुकडे बदलून मुंबईला जात, आणि किरणं लागलेलीच नसल्यानं तिथून सगळं ठीक असल्याचं कळे. खंडेनवमीला कंपाउंडरनं मशीनची पूजा केली, झेंडूची माळ घातली, आणि मशीनचंच सामान म्हणून बिल्ल्यांनाही हळदकुंकू वाहिलं. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, म्हणून त्यानं पुढं तुकडे बदलले तेही कुंकवाला बोट न लावता. आपल्या नावाचा एक बिल्ला तिथं लटकतोय, हे अक्काला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी तिला सुट्टी दिली. तिचा बिल्ला कंपाउंडरनं माझ्या साडीला लावला आणि म्हणाला, "आज तुम्ही आया. नुसतं हसायचं."

मुंबईचे साहेब वयस्कर होते, मराठीच होते, पण डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होते. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, फलक वाचला, अक्षराचं कौतुक केलं. मुलं कोण धरतं, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, आईबापच, तेही एप्रन घालून. साहेबांनी एप्रन उलगडला. त्याच्या घड्या मोडेनात. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हा बिल्ला रोज लावता ना? माझ्या आधी डॉक्टरांनीच उत्तर दिलं, रोज. आणि माझ्याकडे बघून हसले. तेच हसणं.

मी इंग्रजीत बोलले असते तर साहेबांना आणि डॉक्टरांनाच कळलं असतं. दार उघडं होतं, बाहेरचं बाकडं माणसांनी भरलेलं होतं, आणि मला ते बाकड्यापर्यंत पोचवायचं होतं. अक्कासाठी बोलायचं होतं हे खरं. पण डॉक्टरांचं तोंड उतरताना मला समोरून बघायचं होतं, हेही तितकंच खरं. मी बिल्ला काढून साहेबांच्या हातावर ठेवला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत बोलले.

"साहेब, हा माझा न्हाई, आमच्या आयाचा आहे. लेकरं तीच धरती, एप्रन न घालता. तिला चौथा महिना लागलाय, आन हे मी डॉक्टरांना सांगितलं तवा ते असेच हसले होते. दसऱ्याचं कुंकू बघा, अजून तसंच आहे. अंगावर लावला असता तर पुसलं नसतं का?"