रोहिणखेडचा निळा पत्रा

मे महिन्यात रोहिणखेडला कोणी फिरायला जात नाही. मी नाशिकहून गेले, कारण तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, कमलला, उन्हाने भोवळ आली होती आणि मोताळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना गारव्यात ठेवा." खामगावच्या शाळेत आम्ही दोघी एकाच स्टाफरूममध्ये म्हाताऱ्या झालो.

जायचंच असेल तर मलकापूरला पहाटेच्या गाडीने उतरा आणि मोताळ्याची एसटी धरा. खिडकीच्या गजाला हात लावू नका, सकाळीच चटका बसतो. स्टीलची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळा. मोताळ्याची भजी चांगली. पुढच्या जीपबद्दल न बोललेलंच बरं.

कमलच्या घराच्या पत्र्यावर दर उन्हाळ्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर असतो. काड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता खाली येऊ देत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने हे पट्टीच्या धाकाने पाठ करून घेतलं होतं; इथे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी यंदा थर गायब! वर नवाकोरा निळा पत्रा, खाली खाटेवर लालबुंद कमल.

"पऱ्हाटी कुठे गेली?" मी तिच्या मुलाला, प्रकाशला, विचारलं.

"मावशी, उद्या पोरीकडचे येऊन राह्यले. पऱ्हाटी दिसली त म्हणतीन, झोपडीतले लोकं हायेत."

"आणि आई भाजून निघाली तर काय म्हणतील?"

"प्रकाश, मावशीले पाणी दे," कमल म्हणाली. "पत्र्यापेक्षा हेच जास्त तापली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गावातल्या जुन्या मशिदीपाशी नेलं. सावलीतल्या दगडी भिंतीला पाठ टेकून ती पुटपुटली, "किती गार हाये वं." तासभर हललीच नाही.

दुपारी पाहुणे आले. घरात एकही बसला नाही. कडुनिंबाखाली सतरंजीवर बसून त्यांनी पत्र्याकडे पाहत माना डोलावल्या, सरबत प्यायलं आणि प्रकाशचं लग्न ठरवलं. आता येणंजाणं वाढणार, म्हणून लग्नापर्यंत पत्रा उघडाच.

"चल माझ्याकडे नाशिकला," मी कमलला म्हटलं.

"वरमायच पळाली त चांगलं दिसीन का?"

चांगलं दिसणं! याच्यापुढे माझं विज्ञानही फुकट आणि जीभही.

मशीद जरूर बघा, पण हिवाळ्यात. मी परतले. माझ्या डोक्यावर दोन मजले आहेत, खिडक्यांना जाड पडदे. रोज भर दुपारी कमलला फोन लावते. "बरी हाये," म्हणते, पण उचलायला रोज जास्त वेळ लागतो. काल प्रकाशने उचलला.

"आई झोपली हाये, मावशी."

कमल दुपारची कधीच झोपत नाही.