आईचा खांदा
खोबरेल तेल कोमट केल्याचा वास आला की मला आईचा आखडलेला खांदा आठवतो. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात वर्षानुवर्षं टॉवेल शिवून तिचा उजवा हात वर जाईनासा झाला होता. स्वतःचे केससुद्धा विंचरता येईनात. डॉक्टरांनी साधाच व्यायाम सांगितला, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं आणि मग भिंतीवरून बोटं हळूहळू वर चढवायची. ती ओठ घट्ट मिटून तो करायची आणि नंतर वडील तिला पुढ्यात बसवून, तेल लावून वेणी घालायचे. तीनेक महिन्यांनी एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर आई त्याच हातानं उंच दोरीवर चादर वाळत टाकत होती. मी ओरडलेच, "आई, हात वर गेला की गं!" ती दचकली. "व्हय, पण तुझ्या पप्पांना सांगू नको," ती हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्यापाशी असं निवांत बसत्यात." मी कधीच सांगितलं नाही, आणि वडील पुढं कित्येक वर्षं वेणी घालत राहिले. गेल्या वर्षी ते गेले. चार दिवसांनी आईनं दोन्ही हात वर करून आपले केस बांधले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, हात कधी बरा झाला तुझा?" ते गेल्यापासून आई तेव्हा पहिल्यांदा रडली.