घोड्यांच्या बाजूने

काउबॉयचे जुने इंग्रजी सिनेमे निव्वळ घोड्यांच्या बाजूने पाहणारा माणूस साऱ्या जगात एकच असावा, आणि तो हर्सूलला राहतो. ते माझे मामेसासरे.

खुलताबादच्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात त्यांची उभी हयात गेली. इंग्रजीचा गंध नाही, पण त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. भर रस्त्यात नायक आणि खलनायक पिस्तुलावर हात ठेवून समोरासमोर उभे असतात, आमचा श्वास अडकलेला असतो, आणि मामा म्हणतात, "ह्या दोघांचं काय व्हायचं ते होऊ द्या हो, पण त्या तांबड्याला उन्हात कुणी बांधलं?" नायक दारूच्या गुत्त्यात शिरला की तर त्यांचे डोकेच फिरते. "सोता ढोसायला बसला, अन् जनावर बाहेर तहानलेलं! लई हलकट माणूस." मग पुढे त्याने अख्खे गाव डाकूंपासून वाचवले तरी मामांच्या लेखी तो हलकटच राहतो. एकदा नायिका धावत येऊन नायकाच्या गळ्यात पडली, मामी लाजून स्वयंपाकघरात गेल्या, आणि मामा टीव्हीवर खेकसले, "आधी तंग सैल कर की!" तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला खोगिराचा पट्टा, हे मला त्या दिवशी कळले.

एक आगाऊपणा मात्र माझ्या हातून झाला. कुठेतरी वाचलेले मी जावईपणाच्या तोऱ्यात सांगून टाकले, की त्या काळी दृश्य खरे वाटावे म्हणून घोड्यांच्या पायांना तार बांधून त्यांना खरोखरच पाडत, आणि काही पुन्हा उठत नसत. त्या दिवसापासून घोडा पडला की सिनेमा थांबायचा, मागे जायचा, आणि मामा टीव्हीला नाक लावून धुळीत शोधत राहायचे. घोडा उठताना दिसला, तर चहा. नाही दिसला, तर सिनेमा तिथेच बंद आणि जेवणही अर्ध्यावर. मामी अजून मला त्याबद्दल बोल लावतात, आणि त्यांचे बरोबरच आहे.

मग काचबिंदूने त्यांची नजर नेली. गेलेली परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आता दर रविवारी मी शेजारी बसतो आणि मामा कानांनी सिनेमा बघतात. पहिल्याच रविवारी टापांचा आवाज मध्येच तुटला. मामांनी माझे मनगट धरले.

"पडला ना? जावई, उठला का बघा."

मी मागे नेऊन तीनदा पाहिले. नुसती धूळ, आणि लगेच पुढचे दृश्य. मला ते सांगवेना.

"उठला, मामा."

"व्हय? कसा उठला?"

"मागचे पाय आधी उचलले, मग पुढचे. ताडकन उठला."

मामा हळूच म्हणाले, "जावई, तशी गाय उठती. घोडा आधी पुढचे पाय टाकतो." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्यांनी मनगट सोडले नव्हते. "असू द्या," ते म्हणाले, "लावा पुढं."

आता घोडा पडला की ते काही विचारायच्या आत मी सांगतो, "उठला, मामा. आधी पुढचे पाय टाकले." आणि मामा म्हणतात, "शाब्बास." ती शाबासकी घोड्याला असते की मला, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.