मोराच्या दाराची फिर्याद

जव्हारच्या त्या दाराची केस अजूनही आठवली, की मला आधी राग येतो आणि मग हसू आवरत नाही.

नावे सांगणार नाही. एक होते निवृत्त शिक्षक, त्यांना मास्तर म्हणू. दुसरे किराणा दुकानदार, ते शेठ. दोघे एका बाकावर शिकलेले आणि वेडही एकच. मुंबई-नाशिककडचे, आर्किटेक्टने हौसेने बांधलेले जुने बंगले पाडले, की त्यांची रंगीत काचेची दारे विकत घ्यायची. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, तसली. वेड एक असले की मैत्री वाढते म्हणतात. कुठले काय! दोघांमधून विस्तव जात नव्हता.

मास्तर ठाण्यात माझ्याकडे फिर्याद द्यायला आले तेव्हा कारण कळले. एका बंगल्याचे दोन झडपांचे दार होते. एका झडपेवर मोराचे तोंड, दुसरीवर पिसारा. दलालाने एकेक झडप दोघांना विकली. तेव्हापासून कित्येक वर्षे बोलणे बंद, आणि आपली झडप कोणी कोणाला दाखवली नाही.

"माझी चोरीला गेली, साहेब. निळ्या मानेचं तोंड आहे. शेठला पकडा."

"फोटो?"

"फोटो काढला की दृष्ट लागते."

"शेठच कशावरून?"

"शिरपामाळच्या रस्त्याला नवं घर बांधलंय त्याने. पुढचं दार मोकळं सोडलंय, दोन झडपांच्या मापाचं! मी मरायची वाट बघतोय तो. माझा पोरगा विकणार, आणि माझा मोर याच्या घरात नाचणार. जळतं हो माझ्या पोटात!"

चोरी झालेला माणूस वस्तूसाठी हळहळतो. मास्तर सगळा वेळ शेठबद्दलच बोलत होते, आणि त्यांच्या घराचे कुलूपही तुटलेले नव्हते. दोन्ही गोष्टी मी मनात ठेवल्या.

चार दिवसांनी खोडाळ्याचा एक रंगारी खबर घेऊन आला. "साहेब, शेठचे दुकानाचे मागचे खोलीत दार हाय. चुना मारताना मोराचा तोंड दिसला मना."

पंच घेऊन झडती घेतली. साखरेच्या पोत्यांमागे, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली झडप निघाली. निळ्या मानेचे तोंड! दुकानासमोर बाजार गोळा झाला. शेठच्या आजोबांपासूनचे दुकान ते, भरदिवसा त्याचे शटर त्यांना खाली ओढावे लागले.

ठाण्यात विचारपूस केली. "पावती आहे?"

"जुन्या मालाची कसली पावती, साहेब? देवाशप्पथ, ही माझी आहे. मास्तरकडे तोंड असेलच कसं? त्याच्याकडे पिसारा आहे!"

मला तो बनाव वाटला. "त्याच्या झडपेवर डोळा नव्हता तुमचा?"

"होता. खोटं कशाला बोलू? त्याच्या घरावरून जाताना पोटात दुखायचं माझ्या. पण चोरी? चार माणसांत बसायचंय मला." आणि हा साठीचा माणूस बाकावर बसून रडायला लागला.

संध्याकाळपर्यंत अटक करावी लागणार होती. फक्त मुद्देमालाची ओळख पटवायची राहिली होती. मास्तरांना बोलावले. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे आले. झडप व्हरांड्यात उभी होती. "हीच" म्हणाले असते, तर शेठ आत गेले असते.

मास्तरांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"याच्याकडेही तोंडच?" मग ते ओरडलेच, "मग पिसारा कुणाकडे आहे?"

"म्हणजे ही तुमची नाही?"

"माझी कशी असेल! माझी जामसरला, पेंढ्याच्या उडवीत..." त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

जामसरहून ती आणली. हवालदाराने ती मागची बाजू पुढे करून पहिलीशेजारी उभी केली. दोन मोर एकमेकांवर डोळे वटारून उभे, आणि शेपूट एकालाही नाही!

मी मास्तरांवर असा भडकलो की बाहेरचे लोक आत डोकावले. खोटी फिर्याद म्हणून कोर्टाकडे 'ब' समरीचा अहवाल पाठवतो, असे बजावले आणि शेठना म्हटले, "यांच्याविरुद्ध जबाब द्या."

शेठचे लक्षच नव्हते. डोळे पुसून ते मास्तरांना विचारत होते, "दलाल तुला काय बोलला होता रे?"

"दुसरी तू नेलीस म्हणून."

"मलाही तेच! म्हणजे बंगल्यात अशी दोन दारं होती."

"आणि दोन्ही पिसारे एकाच माणसाकडे?"

"दोन्ही? हरामखोर!"

दोघे एकाच जीपमधून घरी गेले. शेठनी जबाब दिलाच नाही.

मत्सराला पुरावा लागत नाही, हे मी तेव्हा शिकलो. एकाने दुसऱ्याला चहाला बोलावून आपले दार दाखवले असते, तर इतकी वर्षे वाया गेली नसती. शेठकडे पोलीस आले होते, हे बाजार आजही सांगतो. ते निर्दोष निघाले, हे कोणी सांगत नाही.

परवा शिरपामाळला जाताना शेठच्या नव्या घरी थांबलो. पुढच्या दाराला दोन्ही तोंडे बसवली आहेत, आणि मास्तर रोज तिथेच बसलेले असतात. चहा झाल्यावर दोघांनी इकडेतिकडे पाहिले आणि खुर्च्या माझ्याजवळ ओढल्या.

"साहेब, तो पिसारेवाला सापडलाय. नाशिकचा आहे. तुमच्या ओळखीने त्याच्या घराची झडती नाही का घेता येणार?"

"कोणत्या गुन्ह्यासाठी?"

"त्याने दोन्ही पिसारे ठेवलेत की!" मास्तर म्हणाले.