दिगंबरचं ताट

“हा पॅरा कुठं गेला?”

माने गुरुजींनी प्रुफाचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. परंड्याहून सकाळच्या गाडीनं आले होते. अजून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

“कोणता, गुरुजी?”

“शेवटून दुसरा. अख्ख्या कादंबरीचा जीव होता त्यात. तोच न्हाय.”

मी धाराशिवातल्या एका छोट्या प्रकाशनात मुद्रितशोधक होतो. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी चुका पकडणारा माणूस. एक चूक राहिली तर सगळे माझ्या नावानं बोटं मोडायचे. एकही राहिली नाही, तर मी कामावर होतो की नव्हतो हेही कुणाला कळायचं नाही. असलं हे काम.

आमच्याकडं दोघांनी मिळून प्रूफ वाचायची जुनी पद्धत होती. एकानं लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं टाइप होऊन आलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचायचं काम सुमनताईंचं, नजर माझी. कागदावर आहे पण कानावर आलं नाही, तर ते जादा. काट मारायची.

मी पहिलं प्रूफ काढून बघितलं. त्या पॅऱ्यावर आडवी तांबडी काट होती. माझीच. मग हस्तलिखित काढलं. त्यात पॅरा होता, गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरात. 

घडलं ते सोपं होतं. गुरुजींनी शेवटचं प्रकरण तीनदा बदललं होतं, आणि टाइप करणाऱ्या ऑपरेटरनं दोनदा जुना मजकूर तसाच ठेवला होता. हा पॅरा ताईंनी वाचला नाही, तेव्हा हाही जुनाच असणार असं मी धरून चाललो. मान वर करून एवढं विचारायचं होतं. नाही विचारलं.

सुमनताई शेजारच्याच टेबलावर होत्या. वय पन्नाशीचं, कामात कधी खाडा नाही. मी बघितलं तर त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“अण्णा, तुमची चूक न्हाय. मीच वाचला न्हाय तो.”

“नजरेतून सुटला का?”

“न्हाय. मुद्दाम.”

आवाज ऐकून आमचे साहेब, म्हणजे प्रकाशक, केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाले, “ताई, उद्यापासून येऊ नका.” ताईंच्या घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच. हे साहेबांना माहीत होतं, मलाही.

आता कादंबरी काय होती ते सांगतो. रहस्यकथा. तुळजापूरच्या एका लॉजमध्ये खून होतो. लॉजचा मॅनेजर दिगंबर खुन्याला डोळ्यानं बघतो, पण भीतीपोटी तोंड उघडत नाही. आळ वेटर पोरावर येतो आणि पोरगा जेलात जातो. काही वर्षांनी एक निवृत्त फौजदार सगळा उलगडा करतो. दिगंबरला पश्चात्ताप होतो. तो त्या पोराच्या आईच्या दारात जाऊन पाया पडतो. म्हातारी त्याला ताट वाढते आणि म्हणते, “जेव बाबा. झालं गेलं.” आपल्याकडं घरी बसवून जेवू घातलं की वैर संपलं. तोच हा पॅरा.

गुरुजी खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता. “बाई, पुस्तक माझं हाय. तुम्हाला काय अधिकार?”

“न्हाय अधिकार. चुकलंच माझं.”

“मग का केलं?”

ताई खाली बघून बोलल्या. “आमचे हे नळदुर्गला एका गोदामावर वॉचमन होते. चोरी झाली. तिथल्या कारकुनानं चोर बघितला होता. बोलला न्हाय. आळ ह्यांच्यावर आला. चौदा महिने आत होते, आता जामिनावर हायत. केस चालूच हाय. कुणी कामावर घेत न्हाय.” थांबून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “गेल्या साली तो कारकून घरी आला. सासूच्या पायावर पडून लई रडला. सासूनं ताट केलं. तो पोटभर जेवला, हलका होऊन गेला. त्यानंतर दोन तारखा झाल्या. त्यो एकदाबी कोर्टात आला न्हाय.”

ऑपरेटरनंही की-बोर्डवरचे हात काढून घेतले होते.

गुरुजी सावकाश म्हणाले, “जन्मभर पोरं शिकवली मी. चुकलेल्या माणसाला परत यायला वाट ठेवावी, असं मानतो.”

“ठिवा की. पर गुरुजी, तुमच्या पुस्तकात पोरगा अजून आतच हाय. आन् दिगंबर जेवतोय.”

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी हस्तलिखित चाळलं. खरंच की. फौजदाराला सगळं कळलं होतं, पण दिगंबरनं कोर्टात साक्ष दिल्याचं कुठंच नव्हतं. पोरगा सुटल्याचंही नव्हतं. गुरुजींनी तीनदा लिहिलं, साहेबांनी वाचलं, मी शोधक म्हणवतो, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हातारीचं मन बघून आम्ही सगळे विरघळलो होतो.

“पुढं तो साक्ष देईल, हे वाचक समजून घेईल,” गुरुजी म्हणाले.

“समजून घेतल्यानं कुणी सुटत न्हाय,” ताई म्हणाल्या.

मला त्यांच्या करण्याचा राग होता. अजूनही आहे. लेखकाचा मजकूर खाणं हे आमच्या धंद्यात पाप. पण त्या वाक्यावर मी हस्तलिखिताचं शेवटचं पान गुरुजींपुढं सरकवलं.

गुरुजींनी माझ्याकडं कोरा कागद मागितला. दुपारची गाडी त्यांनी सोडून दिली. चार-पाच वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी जे उरलं त्यात म्हातारी ताट वाढते, पण त्यावर दुसरं ताट पालथं घालते. म्हणते, “आधी साक्ष देऊन ये. माझं पोरगं घरी आलं की दोघं एका पंगतीला बसा.” दिगंबर चपला घालतो आणि पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागतो. तिथं कादंबरी संपते.

जाताना गुरुजी साहेबांना म्हणाले, “ह्या बाईंना काढणार असाल तर माझं हस्तलिखित परत द्या.” मग ताईंकडं वळले. “आन् तुम्ही. पटलं न्हाय तर तोंडानं सांगायचं. गिळायचं न्हाय.”

“व्हय, गुरुजी,” ताई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

त्या आजही तिथंच कामावर आहेत. पुस्तक निघालं. काही वाचकांना म्हातारी फार कठोर वाटली, तसं त्यांनी गुरुजींना कळवलंही.

मी पुढं निवृत्त झालो. पण त्या प्रसंगापासून नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत अख्खा पॅरा कापायची वेळ आली की हस्तलिखित स्वतःच्या डोळ्यानं तपासायचो. आणि गोष्टीत कुणाला माफी मिळाली की आधी पान मागं उलटून बघायचो, त्याच्या पायी आत गेलेला माणूस बाहेर आला का.

मागच्या महिन्यात ताईंच्या नवऱ्याची कोर्टात तारीख होती. सोबत म्हणून मीही गेलो. संध्याकाळपर्यंत बसलो. कारकून आला नाही.