कोपऱ्यातली तारीख

घरात काही बिघडलं की मला एकच दुरुस्ती यायची, "अहो" म्हणून हाक मारायची. मिक्सर असो, गीझर असो, पंख्याचा रेग्युलेटर असो, हे यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि बिघडलेल्या वस्तूकडे नुसतं बघत उभे राहायचे. मी म्हणायची, "अहो, उघडा की." हे म्हणायचे, "थांब. आधी बघू दे तिचं काय म्हणणं आहे."

तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात हे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्लांटमधला दाब, तापमान दाखवणारी मीटरं नीट ठेवायची, चुकीचं दाखवू लागली तर का ते शोधायचं, हे त्यांचं काम. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लग्न होऊन कारखान्याजवळच्या बोईसरला आले तेव्हा मला वाटलं होतं चार-पाच वर्षं राहू आणि परत जाऊ. पण सगळा संसार इथेच झाला. सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून ह्यांना कारखान्यातून बोलावणं यायचं आणि हे हात धुऊन निघायचे. मला राग यायचा. आणि शेजारणीने विचारलं, "आजही गेले का हो?" की मी जरा तोऱ्यातच सांगायची, "त्यांच्याशिवाय अडलंय म्हणे."

रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. पेपर वाचायचे, बातम्या बघून कपाळाला आठ्या घालायचे. पण बोलायला गेलं की तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "पाणी". चहा हवा असला तरी पाणी, खिडकी लावायची असली तरी पाणी. पहिले काही दिवस मी प्रत्येक वेळी तांब्या-भांडं घेऊन धावायची आणि हे डोळे मिटून घ्यायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, वाचेचे व्यायाम करावे लागतील, शब्द हळूहळू येतील. ते व्यायाम घेणाऱ्या एक ताई मुंबईच्या होत्या. ह्यांना तिकडे नेणं-आणणं झेपणारं नव्हतं, म्हणून ताईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवायचं कबूल केलं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ते जमेना. ताईंना ह्यांचे ओठ नीट दिसायला हवेत आणि ह्यांना त्यांनी दाखवलेली चित्रं मोठी दिसायला हवीत. हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाने त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला, घरात वायफाय बसवून घेतलं आणि मला दोनच गोष्टी शिकवल्या: कुठलं बटण दाबलं की तो चालू होतो आणि कुठल्या निळ्या चित्रावर टिचकी मारली की ताई दिसतात. माझं शिक्षण तेवढंच. दहावीपर्यंत मराठी शाळेत गेले, इंग्रजी अक्षरं जोडून वाचते.

ते बरं चाललं होतं. "पाणी" सोडून आणखी दोन-तीन शब्द ह्यांच्या जिभेवर यायला लागले होते. त्यात पुतणीच्या लग्नासाठी आम्ही गावी गेलो. लॅपटॉप कपाटात ठेवला. बऱ्याच दिवसांनी परत आलो, लॅपटॉप काढला, तर बॅटरी पार उतरलेली. वायर लावून चालू केला. वायफायचं ते पंख्यासारखं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसलं. ह्यांना खुर्चीत बसवलं, मान सरळ केली, शर्टाची कॉलर नीट केली आणि निळ्या चित्रावर टिचकी मारली. गोल फिरत राहिलं. मग इंग्रजीत एक पाटी आली. तिच्यातला मला फक्त 'कनेक्ट' एवढाच शब्द लागला.

मुलाला फोन केला. तो ऑफिसात होता.

"आई, वायफाय चालू आहे का बघ."

"चिन्ह भरलेलं आहे रे."

"मग लॅपटॉप बंद करून परत चालू कर. तरी नाही झालं तर वायफायचा डबा बंद कर, जरा थांब, चालू कर."

दोन्ही केलं. काही फरक नाही. तो म्हणाला, "आई, मी मीटिंगमध्ये आहे. नेटवाल्याला बोलाव. नाहीतर मी दिवाळीत येतो तेव्हा बघतो." दिवाळी लांब होती. आणि ताईंनी बजावलं होतं की मध्ये खंड पडू द्यायचा नाही, आलेले शब्द परत जातात. लग्नाने आधीच खंड पडला होता.

नेटवाला जवळच राहायचा, लगेच आला. इथल्याच गावातला, बोलायला मोकळा. त्याने डब्याचे दिवे पाहिले, स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी लावून पाहिलं. "काकी, नेट एकदम बरोबर हाय. तुमचा लॅपटॉपच गेलाय. जुना झाला. आता नवीनच घ्यावा लागंल."

खुर्चीत बसलेल्या ह्यांनी डावा हात उचलून लॅपटॉपकडे दाखवलं. "पाणी. पाणी."

"काकांना आधी पाणी द्या," नेटवाला म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

ताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी मी मोकळी आहे, काकू. तोवर जमलं तर बघा. नाही जमलं तर घाबरू नका." मी लॅपटॉप मिटायला गेले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. काठी टेकत उठले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

आधी त्यांनी माझा फोन उचलून माझ्या पुढ्यात धरला. मला वाटलं, मुलाला फोन लावायला सांगतायत. "तो मीटिंगमध्ये आहे हो." मान हलली, नाही. फोनवर बोट आपटलं. माझा फोनही त्याच वायफायवर चालतो; मी नेटवरचं एक भजन लावलं. ते लगेच वाजू लागलं. ह्यांनी मान डोलावली आणि हाताने 'झालं' अशी खूण केली. म्हणजे घरात नेट आहे, हे पहिलं नक्की झालं. तसं बघायला गेलं तर नेटवालाही तेच सांगून गेला होता. पण दुसऱ्याने सांगितलेलं हे कधीच खरं धरायचे नाहीत, स्वतः बघायचे. मी गॅस बारीक करून आले आणि नीट बसले.

मग त्यांचं बोट लॅपटॉपच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात गेलं. वायफायचं चिन्ह तिथेच असतं. मी त्याच्यावर टिचकी मारली. मान हलली, नाही. मी वायफाय तोडून परत जोडलं, डब्याच्या पाठीवरचा पासवर्ड एकेक अक्षर बघून घातला. परत चिन्ह भरलं. परत तीच पाटी. बोट पुन्हा कोपऱ्यात. "पाणी!"

"अहो, तेच दाबलं ना मी आत्ता."

त्यांनी नखाने पडद्यावर टकटक केलं. मग वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला.

ताई रोज सुरुवातीला त्यांना विचारायच्या, "काका, आज कुठला वार?" आणि हे कॅलेंडरकडे दाखवायचे. मला वाटलं, ताई नाहीत म्हणून हे आपलेआपण व्यायाम करतायत. मी लहान मुलाशी बोलावं तसं हळू आणि मोठ्याने म्हणाले, "आज मंगळवार आहे. मंगळवार."

ह्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. ते उठले. काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि भिंतीला धरत धरत कॅलेंडरपर्यंत गेले. डाव्या हाताने ते खिळ्यावरून काढायला गेले तर खाली पडलं. मी उचलायला धावले, पण त्यांनी हाताने थोपवलं. वाकून स्वतः उचललं, काखेत धरलं, आणि परत येऊन लॅपटॉपच्या शेजारी पसरलं. एक बोट आजच्या मंगळवारच्या चौकोनावर ठेवलं. मग तेच बोट पडद्याच्या कोपऱ्यात.

मी चष्मा लावून पडद्याला नाक लागेल इतकी वाकले. वायफायच्या चिन्हाला खेटूनच बारीक आकड्यांत वेळ होती आणि तिच्याखाली तारीख. ती आजची नव्हती. या महिन्याची नव्हती, या वर्षाचीही नव्हती. कितीतरी मागच्या सालातला जानेवारी होता तो. आमचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता.

"अहो, हा तर जुन्याच सालात अडकलाय!"

हे हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं अर्ध्याच चेहऱ्यावर येतं. पण ते आलं होतं.

"पण तारखेचा नि नेटचा काय संबंध?" मी विचारलं. त्यांनी डावा हात उडवला. आधी ते नीट कर, मग बघू, असा.

आणि मग आम्ही दोघं कामाला लागलो. काम असं की बोटं माझी आणि डोकं त्यांचं. ह्यांनी माउसच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं, मी तिथे दाबलं. एक लांबलचक यादी उघडली. मी एकेक ओळ अक्षरं जोडून मोठ्याने वाचत गेले आणि नको त्या ओळीला ते मान हलवत गेले. मी 'डेट' म्हणाले तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. पुढच्या पानावर एक बटण बंद करावं लागलं, मग साल, मग महिना, तारीख, वेळ. वेळेत मी सकाळ-संध्याकाळचं चुकवलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवलं. शेवटच्या बटणापाशी मी थांबले. उगाच काहीतरी मोडून ठेवू अशी भीती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी दाबलं.

निळ्या चित्रावर टिचकी मारली. गोल फिरलं, आणि उघडलं. पाटी नाही, काही नाही.

संध्याकाळी ताई पडद्यावर आल्या तेव्हा आम्ही कधीचे तयार होऊन बसलो होतो. "अरे वा, चालू झालं! कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यांचं उत्तर ह्यांनाच देऊ द्यावं असं वाटलं. बराच वेळ लागला. "पा..." म्हणाले, थांबले, मान झटकली. मग कॅलेंडर उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दुसरा हात चालत नाही, म्हणून हनुवटीने लॅपटॉपकडे दाखवलं. ताईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्या खुर्चीत मागे रेलून टाळ्या वाजवायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलेली फळांची चित्रं बाजूला ठेवली. 'तारीख', 'घड्याळ', 'साल', हेच शब्द घेतले. तो तास संपला तरी 'तारीख' हा शब्द काही आला नाही. पण ह्यांनी शेवटपर्यंत ओठ जुळवायचे सोडले नाहीत.

मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने समजावलं की लॅपटॉपच्या आत घड्याळ चालवणारी एक छोटी बॅटरी असते, ती मेली असणार. आणि लॅपटॉपची तारीख चुकीची असली की समोरच्याची ओळख त्याला पटत नाही, मग तो दारच उघडत नाही.

"पण आई, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय? तुझ्या बाबांनी शोधलं."

तो म्हणाला, "बाबांच्या कानाला लाव फोन." मी लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. हे ऐकत राहिले आणि लुळ्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिले.

ही गोष्ट मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितली. ह्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेले एक जण जवळच्या बेटेगावला राहतात, त्यांच्यापर्यंतही ती गेली. त्यांचा फोन आला. सून घरून काम करते, आतल्या खोलीत बसली की तिच्या लॅपटॉपचं नेट सारखं तुटतं. "वहिनी, एकदा विचारून बघा ना त्याला." मी विचारायच्या आधीच हे चपला शोधत होते. झटका आल्यापासून दवाखाना आणि ते एक लग्न सोडून ते घराबाहेर पडले नव्हते.

रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "अंकल को आराम से बिठाइए, मैं धीरे चलाता हूँ." बेटेगावला त्या भावजींनी ह्यांना बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून "ये ये!" केलं. हे आत जाऊन डब्यासमोर उभे राहिले आणि नुसतं बघत राहिले. डबा लोखंडी कपाटाच्या मागे कोंबलेला होता. मग त्यांनी सुनेच्या हातात लॅपटॉप उघडा दिला आणि खुणेने तिला घरभर चालवलं. ती चालत होती, हे काठी टेकत तिच्या मागून चिन्ह बघत. कपाटाच्या पलीकडे गेली की ते उतरायचं.

"काकू, काका काय म्हणतायत?" सुनेने मला विचारलं.

"त्यांनाच विचार. जरा वेळ द्यावा लागतो, एवढंच."

तिने विचारलं आणि थांबली. हे कपाटाजवळ गेले, त्याच्यावर थाप मारली आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "लो... लोखंड." तो शब्द ताईंनी शिकवलेला नव्हता. भावजींनी डबा काढून मधल्या खोलीत उंच फळीवर लावला. सून आत जाऊन बसली. चहा होईस्तोवर तिचं नेट एकदाही तुटलं नाही.

निघताना भावजी रिक्षापर्यंत आले. आता ते ओरडून बोलत नव्हते. "मुलीच्या घरीही हाच त्रास आहे. येशील का एकदा?"

ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाला लावली. फोन कर.

भावजी आधी बघतच राहिले, मग खो खो हसले, आणि हेही हसले. रिक्षा सुरू झाली. मी पदर सावरून ताठ बसले होते, रस्त्यावरच्या लोकांनी बघावं अशी.